'शक्ती' हा शब्द आणि श्वानपेशींवरील औषधपरीक्षा

१

प्रतिरक्षेवर कार्य करणाऱ्या औषधांची परीक्षा कुत्र्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशींवर प्रयोगशाळेत घेणे, ही पद्धती पशुवैद्यकात आता चांगली रुळली आहे. तिच्या आधाराने औषधे निवडली जातात, त्यांच्या मात्रेचा पहिला अंदाज बांधला जातो, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला मर्यादित साधनांत हाती घेता येण्याजोगा एक विषयही मिळतो. या पद्धतीची उपयुक्तता नाकारण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. प्रश्न वेगळा आहे. काचपात्रातील पेशींनी दिलेले उत्तर आपण मराठीत ज्या शब्दांत मांडतो, त्या शब्दांत ते उत्तर शाबूत राहते काय? की प्रयोगाने सांगितले त्याहून निराळे, आणि पुष्कळदा त्याच्या नेमके उलट, असे काही वाचकाच्या पदरात पडते?

ही शंका उत्पन्न होण्यास एक शब्द कारण झाला आहे. तो शब्द म्हणजे 'प्रतिकारशक्ती'. यवतमाळ जिल्ह्यात कडुनिंबावर चढलेली गुळवेल कोणास अपरिचित नाही. तिचा काढा घेणारा मनुष्य 'याने प्रतिकारशक्ती वाढते' असे म्हणतो. शेळ्यामेंढ्यांना जंतांवर पाजले जाणारे लेव्हामिझोल हेही प्रतिकारशक्तीवर काम करणारे औषध म्हणून सांगितले जाते. आणि कुत्र्याची ॲलर्जीची खाज थांबविणारी ऑक्लासिटिनिबची गोळी 'प्रतिकारशक्तीवर परिणाम करते' असे मालकाच्या कानी पडले, म्हणजे तो बिचारा तिचाही अर्थ 'वाढविणारी' असाच लावतो. वस्तुतः या तिघांचे व्यापार तीन तऱ्हेचे आहेत, आणि तिसरे औषध तर प्रतिरक्षेच्या काही कामांना आवर घालणारे आहे. एकच विशेषण ज्याला लागू आहे त्याला आणि ज्याला लागू नाही त्यालाही चिकटत असेल, तर आपल्या नैयायिकांनी त्या दोषाला अतिव्याप्ती हे नाव देऊन ठेवले आहे. प्रतिरक्षाविषयक मराठी लेखनात हा दोष इतका सार्वत्रिक झाला आहे की तो दोष आहे याचेही भान उरलेले नाही.

२

प्रथम शब्दाचाच विचार करू. ज्या लॅटिन शब्दावरून युरोपीय भाषांतील संज्ञा निघाली, त्या 'इम्युनिस' या शब्दाचा मूळ अर्थ सार्वजनिक बोजातून मुक्त असलेला, असा आहे. आपल्याकडील सारामाफीच्या जमिनीशी त्याची तुलना करता येईल. जिला सारा लागत नाही ती जमीन बलवान आहे असे कोणी म्हणत नाही. एका विशिष्ट देण्यातून ती मोकळी आहे, एवढेच म्हणतो. देवी येऊन गेलेल्या मनुष्याला पुन्हा देवी येत नाहीत, याचे वर्णन करण्यास हा शब्द योग्य होता, कारण ती माफी एका रोगापुरतीच असते.

आयुर्वेदातील 'व्याधिक्षमत्व' ही संज्ञाही येथे लक्षात घेण्यासारखी आहे. 'क्षम्' या धातूत सामर्थ्याबरोबर सहन करण्याचा अर्थ अंतर्भूत आहे. आधुनिक प्रतिरक्षाशास्त्राने सहिष्णुता या कल्पनेला फार मोठे स्थान दिले; १९६० सालचे नोबेल पारितोषिक बर्नेट आणि मेडावार यांना मिळाले ते याच विषयातील कार्याबद्दल. स्वतःच्या ऊतींवर, अन्नावर आणि परागकणांवर हल्ला न करणे हे प्रतिरक्षेचे कार्य जंतूंवर हल्ला करण्याइतकेच महत्त्वाचे आहे. जुन्या संज्ञेत या अर्थाला जागा होती. 'शक्ती' या आधुनिक पर्यायात ती उरली नाही. शक्ती म्हटली की ती कमी किंवा जास्त असते, जास्त असणे चांगले असते, आणि कमी पडली तर औषधाने भरून काढायची असते.

हे गृहीतक कुत्र्याच्या रोगांना लावून पाहावे. प्रतिरक्षाजन्य रक्तविलयी पंडुरोगात कुत्र्याचे शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींचा नाश करते. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी गडद होते, जनावर उठून उभे राहत नाही. पाहणाऱ्याला ते अशक्त दिसते, आणि 'याची शक्ती वाढवा' असे मालकाने म्हणणे स्वाभाविक आहे. पण तेथे प्रतिरक्षेची क्रिया उणी झालेली नाही. ती चुकीच्या लक्ष्यावर चाललेली आहे. म्हणून पशुवैद्य प्रेडनिसोलोनसारखे दमन करणारे औषध देतो. उलट, सर्वांगावर लूत पसरविणारा डेमोडेक्स हा सूक्ष्म परजीवी अंगावर माजला असताना तेच दमन अपायकारक ठरते. दोन्ही कुत्रे खंगलेले असतील. दोघांनाही 'शक्ती' नाही असेच घरचे लोक म्हणतील. आणि उपचार मात्र परस्परविरुद्ध दिशांचे असतील.

दुसरे उदाहरण मोजमापाचे घेऊ. रेबीजविरोधी लस टोचल्यावर ती लागू पडली किंवा नाही हे पाहण्यासाठी रक्तरसातील प्रतिपिंडे मोजतात, आणि प्रत्येक मिलिलिटरमध्ये निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही पातळी पुरेशा प्रतिसादाची खूण मानतात. हे माप रेबीजच्या विषाणूपुरते आहे. त्याच कुत्र्याला डिस्टेंपर होणार नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही. तेव्हा 'प्रतिकार वाढला' असे विधान कोणी केले की 'कशाचा?' हा प्रश्न विचारणे वाचकाचे कर्तव्य ठरते. 'शक्ती' हा शब्द हा प्रश्न उठूच देत नाही.

३

आता प्रयोगाकडे वळू. कुत्र्याच्या शिरेतून काही मिलिलिटर रक्त हेपरिनयुक्त नळीत घेतात. ते १.०७७ घनतेच्या फायकॉल द्रवावर हळुवार सोडून अपकेंद्री यंत्रात फिरविले की तांबड्या पेशी तळाशी जातात आणि लसीकापेशी व मोनोसाइट यांचा एक धूसर थर मध्ये राहतो. तो काढून, धुऊन, पेशी पोषक द्रवात घालतात. त्यात बहुधा गाईच्या गर्भाचा रक्तरस मिसळलेला असतो. नंतर ९६ खोबण्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाटून ३७ अंश सेल्सिअस तापमानात आणि ५ टक्के कर्बद्विप्राणिल वायूच्या वातावरणात त्या ठेवतात. काही खोबण्यांत औषध, काहींत केवळ औषधाचा द्रावक, आणि विभाजनाला चालना देणारे एखादे द्रव्य. साधारण ७२ तासांनी पेशी किती वाढल्या, किती मेल्या, त्यांनी कोणती सायटोकाइने स्रवली, हे मोजतात.

विभाजनाला चालना देणारी द्रव्ये हा या पद्धतीचा कणा आहे, आणि त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. घेवड्याच्या बियांतून मिळणारे फायटोहीमॅग्लुटिनिन हे द्रव्य पूर्वी केवळ तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढण्यासाठी वापरीत. १९६० साली पीटर नोवेल यांनी दाखविले की त्याच्या संपर्कात आलेल्या लसीकापेशी विभाजन पावू लागतात. अबईच्या जातकुळीतील एका शेंगेपासून मिळणारे कॉन्कॅनाव्हॅलिन हेही तसेच. यातील मुद्दा असा की या द्रव्यांनी जागी झालेली पेशी कोणत्याही जंतूला ओळखून जागी झालेली नसते. दारावर कोण आले हे न पाहता सगळ्या घराने एकदम उठावे, तसा हा प्रकार आहे. औषधाने हा गोंधळ कमी केला किंवा वाढविला, एवढेच प्रयोग सांगतो. विशिष्ट रोगाशी झुंजण्याची पात्रता त्याने वाढते किंवा घटते, हे अनुमान आहे, आणि त्याला स्वतंत्र पुरावा लागतो.

याच पद्धतीने मिळविलेल्या यशाचीही नोंद केली पाहिजे. सायक्लोस्पोरिन हे मूळचे नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळाले. बाझल येथे बोरेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात जो विशेष ओळखला तो हा, की हे द्रव्य लसीकापेशींना सरसकट मारीत नाही. त्यांच्या प्रतिसादाला मात्र थोपवून धरते. मारणे आणि थोपविणे यांतील हा विवेक झाला नसता तर ते औषध इतर विषारी द्रव्यांच्या राशीत पडून राहिले असते. १९८३ साली ते अमेरिकेत मानवी अवयवरोपणासाठी आणि २००३ साली कुत्र्यांच्या ॲलर्जीजन्य त्वचारोगासाठी मान्य झाले. ज्या प्रबंधिकेत पेशींच्या विभाजनाचा आकडा आहे पण पेशी जिवंत होत्या किंवा नाही याचा आकडा नाही, तिच्या लेखकाने हे उदाहरण अवश्य डोळ्यांपुढे ठेवावे.

४

काचपात्रातील निष्कर्ष आणि जिवंत कुत्रा यांतील अंतर कसे मोजावे, यासाठी ऑक्लासिटिनिब हे उत्तम उदाहरण आहे. कारण त्याचे आकडे दोन्ही बाजूंनी उपलब्ध आहेत. हे औषध अमेरिकेत २०१३ साली कुत्र्यांसाठी मान्य झाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ परीक्षणात असे दिसले की जॅनस कायनेज कुलातील पहिल्या विकराचे निम्मे कार्य ते १० नॅनोमोलर पातळीला रोखते. पेशींवरील परीक्षेत, ॲलर्जी आणि दाह यांत भाग घेणारी सायटोकाइने, तसेच खाज उत्पन्न करणारे इंटरल्युकिन-३१, यांचे कार्य निम्म्यावर आणण्यास ३६ ते २४९ नॅनोमोलर पातळी लागली. तांबड्या पेशींच्या निर्मितीस लागणाऱ्या एरिथ्रोपोइटिनचे कार्य मात्र १००० नॅनोमोलरपर्यंतही निम्म्यावर आले नाही. येथे प्रयोगाने एक नेमका भेद दाखविला : अमुक संदेश अडतो, तमुक अडत नाही. असे विधान पेशींवरील परीक्षेला शोभते.

आता रक्तातील पातळी पाहू. नेहमीच्या मात्रेनंतर कुत्र्याच्या रक्तद्रवात या औषधाची सर्वोच्च पातळी सुमारे ३२४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर येते. रेणुभार सुमारे ३३७ धरला तर ही पातळी जवळजवळ १ मायक्रोमोलर, म्हणजे १००० नॅनोमोलर होते. यातील सुमारे दोन तृतीयांश भाग रक्तातील प्रथिनांना बांधलेला असतो. पेशींपर्यंत पोहोचण्यास मोकळा राहतो तो एक तृतीयांश, म्हणजे ३०० नॅनोमोलरच्या आसपास. औषधाचे अर्धायू सुमारे ४ तासांचे आहे. तेव्हा १२ तासांनी, तीन अर्धायू उलटल्यावर, मोकळी पातळी अष्टमांशावर, म्हणजे ४० नॅनोमोलरच्या जवळ येते. आणि २४ तासांनी ५ नॅनोमोलरच्या आसपास उरते. हे गणित ढोबळ आहे. पण त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिखरावर असताना औषध सर्व संबंधित सायटोकाइनांना अडविते, बारा तासांनी त्यांतील सर्वांत हळव्या संदेशाच्या उंबरठ्यावर येते, आणि दिवस सरता सरता प्रतिरक्षेला मोकळे सोडते. पहिले १४ दिवसपर्यंत दिवसातून दोनदा आणि पुढे एकदा, या नेमलेल्या क्रमाचा अर्थ या गणिताच्या प्रकाशात चांगला उमगतो.

काचपात्रात असे चढउतार नसतात. तेथे औषध एकदा घातले की पेशी ७२ तास, म्हणजे कुत्र्याच्या शरीरातील अठरा अर्धायूंच्या काळापर्यंत, बहुधा त्याच द्रवात बुडून राहतात. आणि पोषक द्रवात प्रथिने थोडी असल्याने औषधाचा मोकळा अंशही अधिक असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या टी-पेशींचे विभाजन या औषधाने स्पष्टपणे मंदावले ते १० मायक्रोमोलर पातळीला. उपचारात येणाऱ्या पातळीपेक्षा ही पातळी वरची आहे, हे त्या अभ्यासाच्या निष्कर्षातच आले आहे. एकूण औषध हिशेबात घेतले तर हे अंतर दहापट होते, मोकळे औषध घेतले तर तीसपटीच्या जवळ जाते. निष्कर्षातील ही अट गाळून कोणी 'ऑक्लासिटिनिब टी-पेशींचे दमन करते' एवढेच वाक्य उचलले, तर ते वाक्य खोटे नाही. पण नेमलेली मात्रा घेणाऱ्या कुत्र्याविषयी ते वाक्यच नाही. या उलट, अट लक्षात घेऊन कोणी 'हे औषध सर्वथा निर्धोक आहे' असे म्हणेल तर तेही चुकेल. बारा महिन्यांखालील कुत्र्यांना आणि गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्यांना ते देऊ नये, अशी स्पष्ट सूचना औषधाबरोबरच दिलेली असते.

५

मात्रा आणि काल यांच्या जोडीला तिसरे अंतर आहे, ते प्राण्याचे. एका जातीच्या पेशींवरून दुसऱ्या जातीविषयी बोलणे किती धोक्याचे आहे हे जगाने २००६ च्या मार्च महिन्यात लंडनमध्ये पाहिले. टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड माकडांत निर्धोक ठरले होते. माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकी मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली, आणि थोड्याच तासांत ते सहाही जण सायटोकाइनांच्या वादळात सापडून अतिदक्षता विभागात गेले. पुढील संशोधनात असे आढळले की ज्या टी-पेशींनी मनुष्यात हे वादळ उठविले, त्या प्रकारच्या पेशींवर त्या माकडांत औषधाचा ग्राहीच नसतो. त्याहून महत्त्वाचा बोध असा की, प्रतिपिंड नुसते द्रवात मिसळले तर मानवी पेशीही काचपात्रात शांत राहत. ते प्लेटच्या पृष्ठावर बसविले म्हणजे उसळत. प्रयोगाची मांडणी बदलली आणि उत्तर बदलले.

कुत्र्याच्या बाबतीत असा एक भेद तर पहिल्याच पायरीवर उभा आहे. सीडी-४ हे चिन्ह मनुष्यात साहाय्यक टी-पेशींची ओळख म्हणून वापरतात. कुत्र्यात ते न्यूट्रोफिल पेशींवरही असते. मानवी पाठ्यपुस्तकावर विसंबून कुत्र्याच्या सर्व पांढऱ्या पेशींत सीडी-४ मोजणारा विद्यार्थी न्यूट्रोफिलनाच टी-पेशी समजून मोजील, आणि औषधाने 'टी-पेशी वाढल्या' असे लिहून मोकळा होईल. यंत्र बिनचूक असेल, आकडेही बिनचूक असतील, आणि निष्कर्ष निराधार असेल.

चौथे अंतर व्यक्तीचे. एकाच कुत्र्याचे रक्त तीन खोबण्यांत टाकून मिळालेले तीन आकडे हे तीन कुत्र्यांचे आकडे नव्हेत. त्यांवरून आपला हात किती स्थिर आहे एवढे कळते. कुत्र्याकुत्र्यांत किती फरक पडतो हे कळत नाही. तरीही खोबण्यांची संख्या हीच नमुन्याची संख्या समजून सांख्यिकीय महत्त्व काढण्याचा प्रमाद वारंवार होतो. पाच कुत्रे आणि प्रत्येकी तीन खोबण्या असतील तर संख्या पाच, पंधरा नव्हे. हे सांगणे बालबोध वाटेल, परंतु या एका नियमाने पुष्कळ ठाम विधाने नरम पडतील.

येथे आपल्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. प्रयोगशाळेत पेशी देणारा कुत्रा बहुधा बीगल जातीचा, लसी टोचलेला, जंतांचे औषध मिळालेला, गोचिडांपासून सुरक्षित असा असतो. यवतमाळच्या एखाद्या खेड्यातील गावकुत्र्याची गोष्ट निराळी. त्याच्या कानांत गोचिडे असतात, पोटात जंत असतात. तपकिरी गोचीड वाहून आणीत असलेला एर्लिकिया कॅनिस हा जंतू राहतो कोठे, तर मोनोसाइट पेशींत. म्हणजे आपण प्रयोगासाठी ज्या पेशी वेगळ्या करतो त्यांच्याच पोटात. हिपॅटोझून कॅनिस हा परजीवी कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत प्रथम वर्णिला गेला तो भारतातच, १९०५ साली, जेम्स यांच्याकडून. डिस्टेंपरचा विषाणू तर लसीकापेशींत शिरून त्यांचाच क्षय घडवितो. अशा कुत्र्याच्या पेशी औषधाला बीगलच्या पेशींप्रमाणे उत्तर देतील असे गृहीत धरण्यास काय आधार आहे? आणि रक्ताचा साधा लेप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला नसेल, तर 'निरोगी कुत्र्याच्या पेशी' हे शब्द लिहिण्याचा अधिकार तरी कोणता?

हा प्रश्न केवळ पाळीव कुत्र्यांपुरता नाही. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य वाघांचे घर आहे, आणि त्याच्या कडेच्या गावांत कुत्रे आहेत. २०१८ साली गीरच्या सिंहांत मृत्यूंची जी लाट आली तिच्यात डिस्टेंपरचा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. गावकुत्र्याची डिस्टेंपरविरोधी प्रतिरक्षा ही म्हणूनच अरण्याच्याही काळजीची बाब आहे. आणि ती लसीने येते. 'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीने ती येते असा समज पसरला, तर लस मागे पडेल. शब्दाची चूक येथे जिवावर बेतू शकते.

६

गुळवेलीचे उदाहरण शेवटी घेतले ते अशासाठी की तिच्यावरील उत्तम काम महाराष्ट्रातच झाले आहे, आणि त्या कामाची शिस्त व त्याचे लोकांपर्यंत पोहोचलेले रूप यांतील विसंगती बोलकी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शरदिनी डहाणूकर, ज्यांना मराठी वाचक 'फुलवा'च्या लेखिका म्हणूनही ओळखतो, आणि त्यांचे सहकारी यांनी गुळवेलीचा अभ्यास पायरीपायरीने केला. भक्षकपेशी कँडिडा ही बुरशी किती मारतात हे काचपात्रात मोजण्याची त्यांची पद्धती १९९३ साली प्रसिद्ध झाली. परंतु ते तेथे थांबले नाहीत. प्राण्यांत उदरातील जंतुसंसर्ग घडवून वनस्पतीचा परिणाम पाहिला, आणि पुढे अवरोधजन्य काविळीच्या ३० रुग्णांत, शस्त्रक्रियेच्या संदर्भात, तुलनात्मक चाचणी केली. प्रश्न प्रत्येक पायरीवर नेमका होता : कोणत्या पेशीचे, कोणते कार्य, कोणत्या रोगात?

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात याच वेलीतून वेगळ्या केलेल्या एका बहुशर्करेने बी-पेशींना विभाजनास प्रवृत्त केले. आणि त्याच द्रव्याने उंदरांना अंतर्विषजन्य आघातापासून वाचविले, असे २००७ साली दाखविले गेले. अंतर्विषाचा आघात हा प्रतिरक्षेच्या अतिरेकी प्रतिसादाने होतो. म्हणजे एकच द्रव्य एका ठिकाणी चालना देते आणि दुसऱ्या ठिकाणी आवर घालते. 'शक्ती वाढते' या वाक्यात हे कसे बसवायचे?

वनस्पतींच्या अर्कांची श्वानपेशींवर परीक्षा करू इच्छिणाऱ्याने दोन सापळे ध्यानात ठेवावेत. अर्कात जंतूंचे अंतर्विष लेशमात्र मिसळलेले असले तरी भक्षकपेशी चवताळून उठतात, आणि श्रेय वनस्पतीला जाते. म्हणून अंतर्विषाची तपासणी आधी हवी. दुसरे असे की, जिवंत पेशी मोजण्यासाठी वापरला जाणारा एमटीटी हा पिवळा रंगद्रव कित्येक वनस्पतिजन्य पॉलिफेनॉल पेशींच्या मदतीवाचूनच जांभळा करतात. ज्या खोबणीत अर्क आहे पण पेशी नाहीत, ती खोबणी प्लेटवर नसेल तर जांभळ्या रंगाचा अर्थ लावता येत नाही.

ही शिस्त सुटली आणि शब्द तेवढा उरला, म्हणजे काय होते ते कोविडच्या काळात दिसले. 'प्रतिकारशक्ती' वाढावी म्हणून घरोघर गुळवेल घेतली जाऊ लागली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या अवधीत मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची हकीकत २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या यकृतातील दाह शरीराने स्वतःच्याच ऊतीवर केलेल्या हल्ल्यासारखा होता. पुढील वर्षी देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने पहिल्या लेखावर आक्षेप घेतले, आणि घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती हा त्यांतील प्रश्न शास्त्रीय दृष्ट्या रास्त आहे. वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु प्रतिरक्षेला चाळविणारे द्रव्य, स्वप्रतिरक्षी विकाराकडे कल असणाऱ्या शरीरात उलटू शकते, ही शक्यता 'शक्तिवर्धक' या शब्दाने वाचकाच्या मनात येऊच दिली नाही, एवढे निश्चित. लेव्हामिझोलचा इतिहास याला दुजोरा देतो. १९७१ साली उंदरांत लसीचा परिणाम वाढविणारे म्हणून त्याची कीर्ती झाली; पण मनुष्यात ते काही जणांच्या न्यूट्रोफिल पेशीच नाहीशा करते असे दिसल्यावर, सन २००० च्या सुमारास अमेरिकेत त्याचा मानवी वापर बंद झाला. ज्याने शक्ती वाढायची, त्यानेच रक्षकांची संख्या शून्यावर आणली.

७

यावर कोणी म्हणेल की रूढ शब्द बदलता येत नाही, आणि सामान्य वाचकाला सूक्ष्म भेद नको असतो. पहिले अंशतः मान्य आहे. बोलभाषेतून 'प्रतिकारशक्ती' जाणार नाही, आणि ती घालविण्याचा अट्टाहासही नको. पण प्रबंध, अहवाल आणि औषधाची माहिती या ठिकाणी आपण भेद करू शकतो. प्रतिसादाला चालना देणारे ते 'उद्दीपक', त्याला आवर घालणारे ते 'दमक', आणि परिस्थितीनुसार दोन्ही करणारे ते 'नियामक', असे तीन शब्द मराठीत सहज वापरता येतील. दुसरा आक्षेप मात्र मान्य करता येत नाही. कुत्र्याला गोळी देणाऱ्या मालकाला भेद हवाच असतो. कारण चुकीच्या गोळीचा परिणाम त्याच्याच अंगणात दिसणार असतो.

प्रयोग लिहिताना निदान पुढील गोष्टी वाक्यात याव्यात : पेशी कोणत्या आणि किती कुत्र्यांच्या; ते कुत्रे कोणत्या अवस्थेत होते; औषधाची पातळी रक्तात येणाऱ्या मोकळ्या पातळीच्या किती पट होती; संपर्क किती तास होता; पेशी थांबल्या की मेल्या; आणि शेवटी, हा निष्कर्ष कोणत्या रोगाविषयी आहे. 'अमुक अर्काने श्वानांची प्रतिकारशक्ती वाढते' या वाक्याऐवजी 'अमुक अर्काने पाच निरोगी कुत्र्यांच्या लसीकापेशींचे कॉन्कॅनाव्हॅलिनप्रेरित विभाजन ७२ तासांत वाढले' असे लिहिले, तर वाक्य लांबेल, त्याची ऐट कमी होईल. पण ते खरे असेल, आणि पुढील संशोधकाला त्यावर पाय ठेवता येईल.

आपल्या भागात असे काम करणे अवघड आहे, अशक्य नाही. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था यवतमाळपासून आवाक्यात आहेत. ज्या विद्यापीठाच्या त्या आहेत, त्याचेच दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय याच जिल्ह्यात पुसदजवळ वरुड येथे आहे. यवतमाळहून नागपूरला वैशाखाच्या उन्हातून नेलेल्या रक्तातील पेशी किती तग धरतात, हा प्रश्नदेखील एका उपयुक्त प्रबंधिकेचा विषय होऊ शकेल. प्राण्यांना क्रौर्यापासून संरक्षण देणाऱ्या १९६० च्या कायद्याखालील नियम पाळून, थोडे रक्त घेऊन, कुत्र्याला इजा न करता येथील गावकुत्र्यांच्या पेशींचा अभ्यास करता येईल. गोचीडज्वर असलेल्या आणि नसलेल्या कुत्र्यांच्या पेशी एकाच औषधाला कसे उत्तर देतात, हे पाहता येईल. ती माहिती बीगलवरून मिळणार नाही.

पेशींवरील परीक्षा ही एक साक्ष आहे. साक्षीदार जे पाहतो तेवढेच सांगतो. त्याच्या तोंडी न पाहिलेले घालणे हा दोष साक्षीदाराचा नव्हे, जबानी लिहून घेणाराचा. आपल्या विद्यार्थ्यांनी यापुढे 'शक्ती' हा शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबून 'कोणाची, कशाविरुद्ध, किती मात्रेला?' एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारले, तरी प्रस्तुत विवेचनाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.